वाचकांचे प्रश्न : गुणी मेटल बँड मागे का पडतात?

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. कॉलेजात असताना आम्ही पाच मित्रांनी हेवी मेटल (रॉक संगीताचा जड, दणदणीत प्रकार) वाजवणारा बँड सुरू केला होता. त्यात मी गिटार वाजवत असे. चार वर्षे आम्ही नेटाने तालमी केल्या, पुण्यातल्या एका स्पर्धेत परीक्षकांनी मनापासून कौतुक केले, पण गेल्या वर्षी बँड मोडला. अलीकडे मी डायमंड हेड या इंग्लिश बँडविषयी वाचले. ज्यांची गाणी वाजवत मेटॅलिका ही अमेरिकन मंडळी उभी राहिली तेच मागे राहिले आणि मेटॅलिका जगभर पोहोचली, हे कसे घडले? आमच्यात गुण कमी होते, की नशीब आडवे आले?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमच्यात गुण कमी होते असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही. दोन्ही पायांनी बेस ड्रम एकसारख्या वेगात वाजवायचा, दोन गिटारी एकमेकींत अचूक बसवायच्या आणि हे सगळे अंगात मुरेपर्यंत रोज तेच घोटत राहायचे, याला वर्षे द्यावी लागतात, आणि ती तुम्ही दिलीत. नशिबाचाही वाटा असतोच, त्याविषयी पुढे लिहितो. पण अनेक बँडच्या कहाण्या वाचून आणि स्वतः एका बँडमध्ये राहून माझे असे ठाम मत झाले आहे की, वाजवण्याखेरीज जी कामे असतात ती कोण करतो आणि त्याने घेतलेला निर्णय बाकीचे मानतात की नाही, यावरच बँडचे आयुष्य ठरते. सोलापूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. विणकर कितीही कसबी असला तरी सूत कोण आणणार, माल कोणत्या व्यापाऱ्याकडे जाणार आणि उधारी कोण वसूल करणार, हे ठरलेले नसेल तर माग बंद पडतो.

डायमंड हेडची गोष्ट या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. बर्मिंगहॅमजवळच्या स्टोअरब्रिज गावातल्या मुलांनी १९७६ मध्ये हा बँड काढला. गिटारवादक ब्रायन टॅटलर आणि गायक शॉन हॅरिस यांची जोडी विलक्षण होती. एका गाण्यात चार-पाच वेगवेगळ्या चाली गुंफण्याची त्यांची हातोटी त्या काळात दुसऱ्या फार थोड्यांकडे होती. १९८० मध्ये त्यांनी आपला पहिला अल्बम स्वतःच काढला. हजार प्रती छापल्या. वेष्टन कोरे पांढरे, त्यावर नाव नाही, चित्र नाही, फक्त बँडमधल्या एकाची सही. या प्रती कार्यक्रमांत आणि टपालाने विकल्या गेल्या. त्याच सुमारास पुढे आलेल्या इंग्लिश मेटल बँडपैकी डेफ लेपर्डने फोनोग्राम कंपनीशी आणि आयर्न मेडनने ईएमआयशी १९७९ मध्येच करार केले होते. डायमंड हेडचा कारभार मात्र गायकाची आई आणि तिचे सहकारी पाहत होते. त्या माउलीच्या मायेविषयी मला शंका नाही. मुलांच्या छंदाला असा आधार देणारे आईवडील आपल्याकडे किती मिळतात, हे आपण जाणतोच. पण कंपनीशी बोलणी करायची, कोणत्या मोठ्या बँडच्या आधी आपल्या मुलांना मंच मिळवून द्यायचा हे ठरवायचे आणि नको त्या कराराला वेळीच नकार द्यायचा, हे अनुभवाने येणारे काम आहे. मायेने ते भरून निघत नाही.

१९८१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातून लार्स उलरिक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा केवळ या बँडला ऐकण्यासाठी इंग्लंडला आला आणि काही आठवडे त्यांच्याच घरी राहिला. परत गेल्यावर त्याच वर्षी त्याने जेम्स हेटफील्डसोबत मेटॅलिकाची सुरुवात केली. उलरिक हा त्याच्या पिढीतला सर्वांत तयार ड्रमवादक होता असे त्याचे चाहतेही क्वचितच म्हणतील. मात्र कुठल्या शहरात कोण काय ऐकतो, कोणाला कॅसेट पाठवायची, कोणाला फोन करायचा, याचे त्याला वेडच होते. १९८२ ची मेटॅलिकाची पहिली नमुन्याची (डेमो) कॅसेट चाहत्यांनी एकमेकांना टपालाने पाठवत देशोदेशी नेली. १९८४ मध्ये त्यांना जाणते व्यवस्थापक आणि मोठी कंपनी, दोन्ही मिळाले. त्याच वर्षी त्यांनी डायमंड हेडचे एक गाणे स्वतःच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घेतले, आणि इकडे मूळ बँड शेवटच्या घटका मोजत होता. १९८३ चा अल्बम डायमंड हेडने वेगळ्याच, बऱ्याच मवाळ वळणाचा केला. जुने चाहते बुचकळ्यात पडले. पहिल्या सुमारे वीस हजार प्रतींच्या छपाईत दोष राहिल्याने सुई उड्या मारू लागली. दोन सभासद सोडून गेले आणि १९८५ मध्ये बँड संपला.

आता नशिबाविषयी. छपाईतला दोष हे दुर्दैवच म्हणावे लागेल, पण दुर्दैव चुकलेला मोठा बँड मला तरी माहीत नाही. मेटॅलिकाचा बेसवादक क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून मरण पावला. डेफ लेपर्डचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात १९८४ च्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात गेला. बाकीच्या चौघांनी दुसरा ड्रमवादक शोधला नाही. डाव्या हाताचे काम डाव्या पायाने करता येईल असा ड्रमसंच त्याच्यासाठी तयार करून घेतला, तो नव्याने शिकेपर्यंत ते थांबले आणि १९८७ मध्ये आलेला त्यांचा अल्बम कोट्यवधी प्रतींनी विकला गेला. हे मी वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. थांबायला पैसा लागतो आणि तो त्यांच्याकडे होता हे खरे, पण थांबायचे की नाही यावर चौघांचे एकमत असणे ही पैशाहून दुर्मीळ गोष्ट आहे.

ज्यांच्या मागे असे बळ नसते, त्यांना तेवढ्याच आघाताची किंमत जास्त मोजावी लागते. अमेरिकेतल्या मायामीच्या सिनिक या बँडमधले दोघे वादक इतके तयार होते की, चक शुल्डिनरने डेथ या आपल्या बँडच्या १९९१ च्या अल्बमसाठी त्यांना बोलावून घेतले होते. स्वतःचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करण्याच्या बेतात असताना ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने त्यांची तालमीची जागाच उद्ध्वस्त केली. अल्बम १९९३ मध्ये आला, जाणकारांनी तो डोक्यावर घेतला, आणि पुढच्याच वर्षी बँड मोडला. तोपर्यंत काळही बदलला होता. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये सिएटल भागातल्या निर्वाणा या बँडचा दुसरा अल्बम आला, त्यानंतर मोठ्या कंपन्यांचे लक्ष सिएटलच्या सुरांकडे वळले आणि अवघड, गुंतागुंतीचे मेटल वाजवणाऱ्यांना दारे बंद होऊ लागली. दहा वर्षे आधी आले असते तर त्यांचे काय झाले असते, या विचाराने मला अजूनही हळहळ वाटते.

पैशाचे गणित फारसे कोणी उघडून सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कंपनी बँडला जी आगाऊ रक्कम देते, ती बक्षीस नसून पुढच्या कमाईतून वळती करायची उचल असते. स्टुडिओचा खर्च, चित्रफितीचा खर्च आणि कित्येकदा दौऱ्यातला तोटाही त्याच खात्यात चढतो, त्यामुळे अल्बम बऱ्यापैकी विकला जाऊनही वादकाच्या हाती काही लागत नाही. तुम्ही हिशेब लिहिणारे आहात. उचल फिटेपर्यंत कामगाराचा पगार कसा कापला जातो, हे तुम्ही रोज पाहत असाल.

कॅनडातल्या ॲनव्हिल बँडची आठवण इथे काढायलाच हवी. १९८४ मध्ये जपानमधल्या एका महोत्सवात त्यांनी स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक आणि बॉन जोव्ही यांच्यासोबत मंच गाजवला. बाकीच्यांचे अल्बम पुढे लाखांनी विकले गेले, ॲनव्हिल मात्र छोट्या कंपन्यांच्या आधाराने कशीबशी चालत राहिली. गायक-गिटारवादक स्टीव्ह कडलो शाळांना जेवण पोहोचवण्याची नोकरी करत होता आणि सुट्ट्या साठवून दौरे करत होता. तो आणि ड्रमवादक रॉब रायनर हे किशोरवयापासूनचे मित्र. भांडले, रडले, पण वेगळे झाले नाहीत. २००८ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघाला आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना पुन्हा मोठे मंच मिळाले. यांना अपयशी म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

तुमच्या बँडचे काय झाले, ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण मला त्याची थोडी कल्पना करता येते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी शहराच्या पूर्व भागात बंद पडलेल्या यंत्रमागाची एक शेड भाड्याने घेतली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून विणीत दोष राहिलेल्या चादरी स्वस्तात आणून चारही भिंतींना खिळ्यांनी ठोकल्या होत्या. मयूरपंखी नक्षीच्या त्या चादरींतून उन्हाळ्यात सुताचा उग्र वास येई आणि ड्रमवर काठी बसली की त्यांतून बारीक तूस उडे. शेजारच्या शेडमधले माग चालू असत. आमचा ड्रमवादक त्या धोट्यांच्या ठोक्यावर आपली लय मिळवून घेई आणि मग हळूहळू त्याच्या दुप्पट वेगात जाई. त्याच्याइतका तयार हात मी नंतर सोलापुरात पाहिला नाही. अभियंता झाल्यावर त्याला पुण्याला नोकरी लागली. पहिले दोन महिने तो दर शनिवारी येत राहिला, मग महिन्याने येऊ लागला, मग येईनासा झाला. त्यातच एका आयोजकाने कार्यक्रमाचे पैसे बुडवले. आमच्यात काहीच लिहून ठेवलेले नव्हते, त्यामुळे ड्रमसंचातला नवा सिंबल (झांज) कोणाच्या पैशाने घेतला यावरून जी बोलाचाली झाली, तिच्यानंतर आम्ही चौघे पुन्हा त्या शेडमध्ये एकत्र उभे राहिलो नाही. चादरी काढायलाही कोणी गेले नाही.

आमच्या आणि बहुधा तुमच्याही बाबतीत आणखी एक गोष्ट आड आली, ती म्हणजे गाव. सोलापूरच्या कानांना मोठा आवाज परका नाही. गड्ड्याच्या यात्रेतली हलगी आणि गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीम ऐकत वाढलेल्या माणसाला ड्रमची भीती वाटत नाही. पण स्वतः रचलेली मेटलची गाणी वर्षातून वीस-तीस वेळा श्रोत्यांसमोर वाजवता येतील, अशी जागा इथे नाही. कॉलेजचे स्नेहसंमेलन होते, तिथे चित्रपटगीतांची फर्माइश येते. लग्नातही तेच. बँड पिकतो तो श्रोत्यांसमोर, तालमीत नव्हे. लंडनच्या पबमध्ये आयर्न मेडनने पहिल्या अल्बमआधी चार वर्षे घासून घेतली होती, आणि बेसवादक स्टीव्ह हॅरिससारखा एकच माणूस सुरुवातीपासून सूत्रधार असल्यामुळे १९८१ मध्ये गायक बदलूनही तो बँड डळमळला नाही. मुंबईतही हे सोपे नव्हते. रंगभवनच्या खुल्या मंचावर एका पिढीने रॉक ऐकले, पण शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तोही मंच बंद झाला. तरीसुद्धा मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन २००० पासून वाजवत राहिला आणि २०१४ मध्ये जर्मनीतल्या वाकेन या मेटलच्या महोत्सवापर्यंत पोहोचला, कारण त्यातल्या साहिल मखीजाने ध्वनिमुद्रण, वितरण आणि कार्यक्रमांची जुळवाजुळव ही सगळी कामे स्वतः अंगावर घेतली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, तुमच्यात गुणाची उणीव नव्हती. वाजवण्याखेरीजची कामे पाहणारा सहावा माणूस नव्हता, किंवा पाचांपैकी एकाने सहाव्याचे काम पत्करले नव्हते. तुम्ही हिशेब जाणता. पुन्हा कधी चौघे-पाच जण जमलात, तर गिटारीबरोबर ते कामही तुम्ही उचलावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमचा मुलगा मेटल गाणी मराठीत लिहितो. त्याचे मित्र म्हणतात की इंग्रजीशिवाय या संगीतात टिकाव लागणार नाही. खरे काय?
– एक पालक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : मुलाला मराठीतच लिहू द्यावे. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने हिंदी आणि पंजाबी शब्द, ढोल आणि मेटल यांची सांगड घातली. २०१९ मध्ये ते वाकेनला वाजवून आले आणि २०२२ मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला. परदेशी श्रोत्याला त्यांच्यात जे भावले, ते इंग्रजीत गाणाऱ्या शेकडो बँडमध्ये त्याला मिळत नव्हते. मात्र केवळ भाषेने ते पुढे गेले असे समजू नये. चित्रफिती बनवणे, त्या लोकांपर्यंत नेणे आणि दौरे आखणे हा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षे केला.

ब्राझीलच्या सेपुल्तुराचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९६ च्या अल्बमसाठी ते शावांते या आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत वाजवून आले आणि तो अल्बम जगभर गाजला. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्स कॅवलेरा बँड सोडून गेला. भांडण सुरांचे नव्हते. बँडची व्यवस्थापक त्याची पत्नी होती आणि बाकीच्यांना तिचा करार पुढे चालवायचा नव्हता. बँड त्यानंतरही वाजवत राहिला, पण तसे यश त्याला पुन्हा मिळाले नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. तुमच्या मुलाने त्यातले जे त्याच्या तोंडी सहज आहे ते घ्यावे, आणि बँडचा कारभार कोणी पाहायचा हे मात्र घरगुती नात्यांवर सोडू नये.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी बँड सुरू करत आहोत. पैशावरून भांडण होऊ नये म्हणून आधीच काय ठरवावे?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आधी एक वही करा आणि तालमीच्या जागेचे भाडे, तारा, काठ्या, प्रवास यांपैकी कोणी किती दिले ते त्याच दिवशी लिहा. महाग वस्तू सामाईक पैशाने घेऊ नका. जिची वस्तू तिचीच राहू द्या.

गाण्याचे दोन वेगळे हक्क असतात, हे लक्षात ठेवा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणारीचा असतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ते मुद्रण स्वखर्चाने करवून घेणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला (रॉयल्टीतला) वाटा राखून ठेवला आहे, त्यामुळे तो सोडून देण्याचा आग्रह धरणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. गाणे पूर्ण झाले की शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे तारखेसह लिहून चौघींनी खाली सह्या कराव्यात. एखादी पुढे नोकरीसाठी किंवा लग्नानंतर गाव सोडून गेली, तरी तिने रचलेल्या गाण्यातला तिचा वाटा तसाच राहील, हेही लिहावे. बँडचे नाव कोणाकडे राहणार, हेसुद्धा त्याच कागदावर यावे.

वर ज्या डायमंड हेडविषयी लिहिले, त्यांचा बँड १९८५ मध्ये संपला. पण त्यांच्या गाण्यांवर शॉन हॅरिस आणि ब्रायन टॅटलर यांची नावे रचनाकार म्हणून नोंदलेली होती, म्हणून मेटॅलिकाने १९९८ च्या संग्रहात त्यांची चार गाणी घेतली तेव्हा त्यांचे पैसे त्या दोघांपर्यंत पोहोचले.